‘पण ते राहू दे’ असं जे लिहिलंस, तेच घेऊन जा

ताई,
मी २७ वर्षांची आहे. पाच वर्षं एका औषध वितरकाकडे नोकरी करते. स्टॉक, एक्स्पायरी, मागणीपत्रकं असलं बघते, पण ते राहू दे. मनात वेगळंच आहे. मला आफ्रिकेत जाऊन एचआयव्हीच्या जनजागृतीचं काम करायचंय. इंटरनेटवर एक सहा आठवड्यांचा कार्यक्रम सापडलाय. शाळांमध्ये एचआयव्हीवर सत्रं घ्यायची, आरोग्य केंद्रात तपासणीला मदत करायची, आठवड्यातले दोन दिवस अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर आणि शेवटी जंगल सफारी. वैद्यकीय शिक्षण लागत नाही म्हणतात. शुल्क माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढं आहे. आई रडते, म्हणते तिकडून रोग घेऊन येशील. मैत्रीण म्हणते, हे सगळं फोटोंसाठी चाललंय. मला खरंच उपयोगी पडायचंय. जाऊ का?
– एक गोंधळलेली

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू ‘पण ते राहू दे’ म्हणून बाजूला सारलंस. त्याच्याकडे मी येणार आहे, जरा वळसा घालून. आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. जा. पण या कार्यक्रमातून नको, सहा आठवड्यांसाठी नको आणि शाळांत भाषणं द्यायला तर नकोच नको.

मीही २०१२ साली जवळपास तुझ्यासारखीच गेले होते. दक्षिण मलावीतला एक जिल्हा, एक छोटी संस्था. पहिल्या दिवशी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसलेल्या बाया माझ्याकडे बघून ‘मुली ब्वांजी?’ म्हणत होत्या आणि मी मनातल्या मनात खूश, की चाळिशीला टेकलेल्या मला इथे ‘मुली’ म्हणतायत! चिचेवा भाषेत त्याचा अर्थ ‘कशा आहात?’ एवढाच. उत्तर द्यायचं, ‘न्दिली ब्विनो’, बरी आहे. हे दोन शब्द एका दिवसात आले. समोरची बाई ‘हो’ म्हणतेय ते खरंच हो आहे की पाहुणीचा मान ठेवायला म्हटलेलं आहे, हे ओळखायला मात्र सात-आठ महिने गेले. एकूण चौदा महिने राहिले, म्हणून निदान तेवढं तरी आलं.

ते येत नसताना काय होतं ते सांगते. जाऊन तिसराच आठवडा होता. संस्थेच्या जीपच्या दारावर लाल फितीचं, म्हणजे एचआयव्ही-एड्सच्या कामाचं चिन्ह, माझ्या अंगातल्या टी-शर्टवर तेच चिन्ह. एक बाई ठरलेल्या तारखेला औषधं न्यायला आली नव्हती, तिच्या घरी चौकशीला जायचं होतं. बरोबरची स्थानिक कार्यकर्ती म्हणाली, गाडी शाळेपाशी लावू आणि पुढे पायी जाऊ. ऊन रणरणतं होतं. मी म्हटलं, दारापर्यंत रस्ता आहे की! ती गप्प बसली. ते तिचं ‘नाही’ होतं, मला कळलं नाही. गाडी थेट दारात थांबली. गाडीमागे पोरं धावत आली, पोरांमागे शेजारणी. बाई बाहेर आली, आम्ही घर चुकून आल्यासारखं दोन मिनिटं बोलली आणि आत गेली. ती पुन्हा त्या केंद्रावर आली नाही. काही महिन्यांनी कळलं, ती दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रात नाव बदलून औषधं घेते. जायला-यायला अख्खा दिवस मोडतो. कार्यकर्तीने मला याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. पुढच्या वेळी जीपची किल्ली फक्त तिने स्वतःकडे ठेवली.

आता तुझ्या ‘जनजागृती’कडे. एचआयव्ही कसा होतो, कसा होत नाही, ही माहिती मी पाहिलेल्या तिथल्या शाळकरी पोरांना पाठ होती. त्यांच्या देशाने या आजाराशी गेली तीन-चार दशकं झुंज दिलीय, त्यांच्या घरातली माणसं त्यात गेलीत. मी दुभाषामार्फत सत्रं घ्यायला लागले तेव्हा माझी वाक्यं लांबलचक आणि दुभाषाची वाक्यं दिवसेंदिवस आखूड होत गेली. शेवटी तो नुसतंच ‘तेच ते’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणत असावा, कारण वर्ग हसायचा. अडतं ते माहितीपाशी नाही.

कुठे अडतं, तर हे बघ. केंद्राच्या फाटकाबाहेर झाडाच्या आडोशाला बाया औषधाच्या बाटल्या उघडून बसायच्या. पांढरी प्लास्टिकची बाटली, तीस गोळ्या, रोज एक. चालताना ती बाटली खुळखुळ्यासारखी वाजते. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. बसमध्ये शेजारी बसलेल्याला कळतं, ही कुठून आली. म्हणून कुणी आत कापसाचा बोळा कोंबायची, तर कुणी गोळ्या फडक्यात गाठ मारून घ्यायची आणि बाटली तिथेच टाकून जायची. गोळ्या कोरड्या राहाव्यात म्हणून बाटलीत जी छोटी पुडी असते तीही बाटलीबरोबर जायची. त्या झाडाखाली कायम रिकाम्या बाटल्या पडलेल्या असत. त्यातल्या प्रत्येकीला औषध का घ्यायचं हे पक्कं माहीत होतं. आता सांग, त्या झाडाखाली तू कोणतं सत्र घेशील?

यावर तोडगे निघालेत, पण ते काढले ज्यांच्या पिशवीत ती बाटली असते त्यांच्या सोबतीने. मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ पासून सहा-सहा जणांचे गट करण्यात आले. दर महिन्याला गटातला एकच जण केंद्रावर जातो, सगळ्यांची औषधं आणतो, सगळ्यांची खुशाली तिथे सांगतो आणि त्याच फेरीत स्वतःची तपासणी करून घेतो. बाकीच्या पाच जणांची पायपीट आणि मजुरी वाचते. पुढे अनेक देशांनी तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायला सुरुवात केली. मलावीने तर २०११ मध्येच ठरवलं, की गरोदर बाई एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली तर शरीराची प्रतिकारशक्ती किती उरलीय ते मोजणाऱ्या तपासणीची वाट न बघता त्याच वेळी औषधं सुरू करायची, ती जन्मभर. गावोगावच्या केंद्रांत ती तपासणी करणारी यंत्रंच नव्हती, म्हणून अडचणीतून निघालेला हा मार्ग. नंतर बाकीच्या देशांनी तो उचलला.

बोलणारी माणसंही तिथलीच. युगांडात १९८७ साली नोरीन कलीबा या फिजिओथेरपिस्ट बाईंचा नवरा एड्सने गेला. त्या काळात रुग्णाच्या जवळ जायला लोक घाबरत. त्यांनी आपल्यासारखीच घाव सोसलेली काही माणसं जमवून रुग्णांना आधार देणारी ‘टासो’ ही संस्था उभी केली. केपटाउनला २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मदर्स टू मदर्स’ने एचआयव्हीसह जगणाऱ्या आयांनाच पगार देऊन नव्या गरोदर बायकांच्या शेजारी बसवलं. समोरची बाई ‘मी पण, आणि हे माझं निगेटिव्ह बाळ’ असं म्हणते, तेव्हा जे घडतं ते तुझ्या-माझ्या सत्राने घडत नाही. आपल्या तोंडी ते वाक्यच नाही.

तरी माहिती अद्ययावत ठेवून जा, कारण सहकारी जेवताना विचारतात आणि परदेशी माणसाचं चुकीचं वाक्यही लोक खरं मानतात. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला, आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. २०११ पासूनच्या मोठ्या अभ्यासांनी हे दाखवलं आणि २०१९ पर्यंत त्यात शंकेला जागा उरली नाही. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की निदान झालं की लगेच उपचार, वाट बघायची नाही. २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी लेनाकॅपाविर नावाचं वर्षातून दोनदाच घ्यायचं इंजेक्शन मंजूर झालं. २०२४ अखेर जगात सुमारे ४ कोटी ८ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती आणि त्यातली ३ कोटी १६ लाख उपचार घेत होती. कवटीचं चित्र आणि ‘एड्स म्हणजे मृत्यू’ ही पोस्टरं जिथे अजून लावली जातात तिथे माणसं तपासणीलाच येत नाहीत. ‘एड्सचे बळी’, ‘निष्पाप बालकं’ हे शब्दही सोड. बाळ निष्पाप म्हटलं, की आई आपोआप दोषी ठरते.

तुझ्या कार्यक्रमातली ‘तपासणीला मदत’ ही ओळ वाचून मात्र माझं डोकं फिरलं. बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब टाकणं दहा मिनिटांत शिकवता येतं. पण त्या पट्टीवर दुसरी रेघ उमटायला लागते तेव्हा खोलीत एक माणूस बसलेला असतो. त्याची संमती, गुप्तता, समुपदेशन, पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या वेगळ्या किटने खात्री, आणि त्याच दिवशी उपचाराला जोडून देणं, हे सगळं एका धाग्यातलं काम आहे. तुझ्या स्वतःच्या देशात कुणी तुला प्रशिक्षण नसताना हे करू देणार नाही. मग तिथल्या माणसाच्या बाबतीत ‘वैद्यकीय शिक्षण लागत नाही’ हे कुणी ठरवलं?

अनाथाश्रमावर फार लिहीत नाही, एवढंच सांगते की जाऊ नकोस. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. घरच्या गरिबीमुळे मुलं तिथे पोचतात आणि पाहुण्यांचे पैसे येत राहिले की संस्थेला मुलं लागत राहतात. दोन दिवसांत गळ्यात पडणारं पोर गोड वाटतं. ते तुझ्याआधी चाळीस जणांच्या गळ्यात पडून झालेलं असतं, आणि तू सहा आठवड्यांनी जाणार हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त चांगलं माहीत असतं.

आता तुझं ‘राहू दे’.

आमच्या केंद्राचं औषधांचं कोठार म्हणजे पत्र्याची एक खोली. कुलूप, आत लाकडी फळ्या, प्रत्येक फळीला दोरीने बांधलेलं एक पुठ्ठ्याचं स्टॉक कार्ड. तारीख, आलं, गेलं, शिल्लक. कार्डावर शिल्लक ४०, फळीवर मोजले तर २६. नवे खोके आले की पुढे रचायचे, कारण मागे जायला जागा नाही. त्यामुळे जुने खोके मागच्या मागे मुदत संपून पडलेले. एकदा असं झालं, की पहिल्या तपासणीची किट संपली आणि खात्री करण्याच्या दुसऱ्या किटचे खोके छताला टेकलेले. पहिल्याशिवाय दुसऱ्याचा उपयोग शून्य. तीन आठवडे तपासणी बंद. जिल्ह्याच्या कार्यालयाला वाटत होतं, किट भरपूर आहेत, कारण एकूण आकडा भरपूर होता.

तू हे वाचून हसली असशील. ‘आधी मुदत संपणारं आधी बाहेर’ हे तुझ्या हाताला झोपेत जमतं. सरासरी मासिक खप काढणं, रस्ता पावसात बंद होतो म्हणून नोव्हेंबरआधीच जादा साठा मागवणं, नव्याने उपचार सुरू झालेल्यांची संख्या धरून पुढच्या तिमाहीची मागणी लिहिणं, मुलांचे डोस वेगळे मोजणं, हे तू पाच वर्षं करतेयस आणि त्याला काम म्हणायला लाजतेयस. माझ्या डोळ्यांसमोर एक बाई आहे. दोन तास चालत आली, पाठीला बाळ. साठा कमी म्हणून तिला तीसऐवजी दहा गोळ्या मोजून दिल्या, परत या म्हणून सांगितलं. एचआयव्हीच्या औषधाला खाडा चालत नाही. खाडे पडत गेले की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो, मग दुसरी औषधं, जास्त महाग, जास्त त्रासाची. त्या दिवशी तिला काही समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. वीस गोळ्या हव्या होत्या.

हे काम सहा आठवड्यांत मात्र होत नाही. पहिले तीन महिने तू तिथल्या लोकांवर ओझंच असशील. राहायचं कुठे, पाणी कुठलं प्यायचं, कागदावर सही कुणाची घ्यायची, हे तुला दाखवण्यात त्यांचा वेळ जाईल. किमान सहा महिने, जमलं तर वर्ष. आणि कोठार तू चालवायचं नाहीस. तिथला जो कारकून आहे त्याच्या शेजारी बसून, त्याच्या पद्धतीने, त्याच्याच कार्डावर. माझ्या आधीच्या एका हुशार स्वयंसेवकाने सुंदर संगणकीय तक्ता करून दिला होता. तो परत गेला, संगणकाचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला.

एक अवघड गोष्ट इथे बोलायलाच हवी. अमेरिकेने २००३ साली सुरू केलेल्या पेपफार कार्यक्रमाच्या पैशावर अनेक देशांतला एचआयव्हीचा डोलारा उभा होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली. जीव वाचवणाऱ्या उपचारांना नंतर सवलत दिली गेली, पण मधल्या मधे कितीतरी समुपदेशक, नोंदी ठेवणारे कारकून, घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या घरी बसल्या. म्हणजे तू उद्या ज्या खुर्चीवर फुकट बसशील, ती काल पगारावर बसलेल्या कुणाची तरी असू शकते. ती बाई गावातच असेल, भाषा येत असेल, काम येत असेल, फक्त पगार बंद झालेला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच म्हटलंय, की सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना त्यांच्या कामाचा मोबदला मिळायला हवा. अशा ठिकाणी मी तर म्हणेन, तू जाऊ नकोस. तुझ्या चार महिन्यांच्या पगारातून त्या बाईचा पगार किती महिने निघेल ते संस्थेला विचार आणि तो दे. मला माहीत आहे, हा सल्ला तुला आवडणार नाही. मलाही २०१२ साली आवडला नसता. पण आधी विचारून घे की जागा नवी आहे की रिकामी झालेली.

शुल्क घेतात म्हणजे फसवतातच, असं मी म्हणणार नाही. तुझं राहणं, जेवण, विमा याला पैसे लागतात आणि ते स्थानिक केंद्राच्या खिशातून जाऊ नयेत. पण पैसे कुठे जातात हे त्यांनी कागदावर दाखवावं. स्वयंसेवक हवा ही मागणी कुणी केली, केंद्राने की सहल विकणाऱ्या कार्यालयाने, हे विचार. आधीच्या स्वयंसेवकांचे कौतुकाचे अभिप्राय बाजूला ठेव आणि केंद्रातल्या स्थानिक नर्सशी फोनवर बोलायला मागून बघ. ती नर्स तुझ्या येण्याबद्दल पहिल्यांदाच ऐकत असेल तर तुला उत्तर मिळालं. पोलिसांचा चारित्र्य दाखला न मागता मुलांजवळ जाऊ देणारी संस्था असेल, तर तिथल्या तिथे पाय काढ. आणि ‘पर्यटक व्हिसावर या, चालतं’ असं कुणी म्हणालं तर ते चालत नसतं. पकडली गेलीस तर तूच, ते नाहीत.

मग जायचं कसं? संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे, मुख्यालय जर्मनीतल्या बॉनला. तो तुझ्याकडून पैसे घेत नाही, उलट निर्वाहभत्ता आणि विमा देतो. नाव नोंदवून ठेवायचं आणि जागा निघाली की अर्ज करायचा. वाट बघावी लागते. त्यांचंच ऑनलाइन स्वयंसेवेचं दालन आहे. नोकरी न सोडता संध्याकाळी दोन तास एखाद्या संस्थेचे साठ्याचे तक्ते नीट करून देता येतात का बघ, आपण या कामाला टिकतो का ते कळतं. व्हीएसओ ही १९५८ पासूनची ब्रिटिश संस्था कामाचा अनुभव असलेल्या माणसांना पाठवते. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेत औषधांचा पुरवठा सांभाळणारी माणसंही घेतात, पगार देऊन. तुझ्याकडे पाच वर्षं आहेत, दार ठोठावून बघ. इंग्रजीवर मलावी, झांबिया, युगांडात निभतं. काँगोत फ्रेंच आणि मोझांबिकमध्ये पोर्तुगीज लागेल. शिकायला आत्ताच लाग.

आईचं रडणं हसण्यावारी नेऊ नकोस. तिला शेजारी बसवून सांग, की एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने, एकाच संडासात गेल्याने एचआयव्ही होत नाही. कोठारात बसणाऱ्या माणसाच्या हातात सुई येतच नाही. ज्यांच्या हातात येते त्यांना बाधित रक्ताची सुई टोचली तरी दर हजार वेळांमागे साधारण तीन वेळा संसर्ग होतो, आणि ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर तो धोकाही खूप खाली येतो.

आईने खरं घाबरायचं असेल तर रस्त्यांना घाबरावं. परदेशात गेलेली धडधाकट तरुण माणसं आजारांपेक्षा वाहनांच्या अपघातांत जास्त दगावतात. हेल्मेट नसलेल्या मोटरसायकल टॅक्सीवर बसायचं नाही, रात्री महामार्गावर निघायचं नाही. मग मलेरिया. प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी, ‘मला नाही चावत’ म्हणणाऱ्या स्वयंसेवकांनाच मी सलाइनवर पाहिलंय. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला आधी सांगायचं, की मी कुठे होते. मग क्षयरोग; एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूंमागे तो सगळ्यात पुढे आहे, आणि तो हवेतून येतो. प्रतीक्षागृहात खिडक्या उघड्या ठेवायच्या. पिवळ्या तापाची लस ज्या देशांना लागते तिथे जायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं.

आणि एक गोष्ट आईसमोर नको, तुझ्यापुरती. घरापासून लांब, एकटी, सुट्टीचा दिवस, बरोबरीचे स्वयंसेवक, गाणी. प्रेमात पडायला याहून सोयीची जागा नाही. दिवसभर कंडोमवर बोलणारी माणसं रात्री तो विसरतात, हे मी चौदा महिन्यांत पुरेसं पाहिलं. स्वतःचे कंडोम स्वतःच्या बॅगेत, आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरशी मोकळं बोलून घे. ज्यांना आपण औषध देतो किंवा ज्यांची नोकरी आपल्या शब्दावर आहे, त्यांच्याशी तसले संबंध नकोत. त्यांना नाही म्हणता येत नाही.

मैत्रिणीला एवढंच सांग, की फोटो काढणार नाही. केंद्राच्या रांगेचा तर नाहीच, पाठमोऱ्या माणसांचासुद्धा. गावातल्या माणसाला चालण्यावरून आणि लुगड्यावरून पाठ ओळखता येते. माझ्याकडे चौदा महिन्यांचे मोजून अकरा फोटो आहेत आणि त्यातले सहा त्या स्टॉक कार्डांचे.

या कार्यक्रमाची आगाऊ रक्कम भरली नसशील तर भरू नकोस. दुसरीकडे अर्ज करताना पहिल्याच ओळीत लिही, की तू किती प्रकारच्या औषधांचा साठा सांभाळतेस, किती ठिकाणी पाठवतेस आणि गेल्या वर्षी मुदत संपून किती माल फेकावा लागला. मी तुझ्या पत्रात हे तीन आकडे शोधत होते. सापडले नाहीत.

– ताई